पोट भरल्याची खबर

‘वजन कमी करणारं ते इंजेक्शन आपल्याकडे मिळतं का?’ गेल्या वर्षभरात हा प्रश्न आमच्याकडे इतक्या वेगवेगळ्या लोकांकडून आला की त्यावर सविस्तर लिहिणे भाग पडले. लग्न ठरलेल्या मुलीच्या अम्मीने विचारला. वीस वर्षांपासून शुगर असलेल्या आणि आता मूत्रपिंडाची तक्रार सुरू झालेल्या एका चाचांनी विचारला. दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन वाढले म्हणून सासरी रोज टोमणे ऐकणाऱ्या एका सुनेने विचारला, तोही हळू आवाजात. प्रश्न एकच असला तरी या तिघांना द्यायचे उत्तर एक नाही. ते का, हे समजून घ्यायचे तर आधी भूक म्हणजे काय आणि पोट भरले हे आपल्याला कळते कसे, तिथून सुरुवात करावी लागेल.

आपल्याला वाटते की पोट रिकामे झाले की भूक लागते आणि भरले की थांबते. पाण्याच्या टाकीसारखा हिशेब. प्रत्यक्षात जठर, आतडी, शरीरातील चरबी आणि मेंदू यांच्यात दिवसभर निरोपांची देवाणघेवाण चालू असते. हे निरोप रक्तातून जातात आणि त्यांनाच आपण हार्मोन म्हणतो. भूक लावणाऱ्या हार्मोनचे नाव घ्रेलिन. ते मुख्यतः जठरात तयार होते आणि 1999 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधले. आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी ते वाढते आणि जेवल्यावर उतरते. म्हणजे ते घड्याळ पाळते. रमजानच्या पहिल्या दोन-चार रोज्यांत दुपारी एक-दीडला पोटात जो खड्डा पडतो तो पुढे तितकासा जाणवत नाही, हे आपल्यापैकी बहुतेकांनी अनुभवले आहे. जेवणाच्या वेळा बदलल्या की हे निरोपही हळूहळू नव्या वेळा धरतात.

आजचा मुख्य विषय मात्र दुसऱ्या बाजूचा निरोप आहे, ‘पोट भरले, आता हात आवर’ असे सांगणारा. असे निरोप अनेक आहेत, पण सध्या ज्याची चर्चा आहे त्याचे नाव जीएलपी-1. आपल्या आतड्याच्या आतल्या अस्तरात, विशेषतः लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आणि मोठ्या आतड्यात, काही खास पेशी असतात. अन्न आले की त्या हे हार्मोन सोडतात. ते चार कामे करते. स्वादुपिंडाला सांगते की साखर येत आहे, इन्सुलिन सोड. यकृताला साखर सोडायला लावणाऱ्या ग्लुकॅगॉन या दुसऱ्या हार्मोनला दाबून धरते. जठराला सांगते की अन्न एकदम खाली ढकलू नकोस, थोडे थोडे सोड. आणि मेंदूतील भुकेच्या केंद्रांना, काही प्रमाणात आतड्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेमार्फत, कळवते की पुरे झाले.

यातील पहिले काम फार हुशारीचे आहे. रक्तातील साखर वाढलेली असेल तेव्हाच ते इन्सुलिनला हाक मारते. साखर उतरली की गप्प बसते. म्हणून याच्यावर आधारलेली औषधे एकटी घेतली तर साखर एकदम खाली जाऊन घाम फुटण्याचा, डोळ्यांपुढे अंधारी येण्याचा धोका कमी असतो. ‘एकटी घेतली तर’ हे शब्द लक्षात ठेवा, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

हे सारे कळायला बराच काळ लागला. 1964 मध्ये संशोधकांना एक विचित्र गोष्ट दिसली होती. तेवढीच साखर शिरेतून दिली तर इन्सुलिन कमी निघते आणि तोंडाने दिली तर जास्त निघते. म्हणजे आतडे स्वादुपिंडाला मधल्या मध्ये काहीतरी सांगत असले पाहिजे. तो निरोप नेमका कोणता हे 1980 च्या दशकात अमेरिकेत जोएल हॅबनर आणि स्वेतलाना मोयसोव्ह यांनी आणि डेन्मार्कमध्ये येन्स होल्स्ट यांनी उलगडले. मोयसोव्हबाईंचे नाव पुढे कितीतरी वर्षे मागेच राहिले. पुरुषांची नावे पुरस्कारांच्या यादीत झळकत राहिली. शेवटी 2024 मध्ये त्यांना हॅबनर आणि लोटे क्नुडसेन यांच्याबरोबर लास्कर पुरस्कार मिळाला. आमच्या वाचक भगिनींना ही गोष्ट नवी वाटणार नाही.

निरोप सापडला, पण औषध होईना. कारण शरीरातला खरा जीएलपी-1 रक्तात एक-दोन मिनिटांतच अर्धा नष्ट होतो. त्याला तोडणारे एक एन्झाइम सतत गस्त घालत असते. एवढ्या अल्पायुषी पदार्थाचे इंजेक्शन किती वेळा देणार? वाट सापडली ती अमेरिकेच्या वाळवंटातील एका विषारी सरड्याच्या लाळेत. आपल्या घोरपडीची आठवण करून देणारा हा जाड अंगाचा प्राणी वर्षातून मोजक्याच वेळा खातो. डॉ. जॉन इंग यांनी 1992 मध्ये त्याच्या लाळेत जीएलपी-1 सारखाच, पण लवकर न तुटणारा पदार्थ दाखवून दिला. त्यावरून बनलेले एक्झेनाटाइड हे औषध 2005 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. पुढे लोटे क्नुडसेन यांच्या गटाने वेगळा मार्ग धरला. माणसाच्याच हार्मोनमध्ये किरकोळ बदल करून त्याला चरबीची एक साखळी जोडली. ती साखळी रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते, त्यामुळे औषध टिकते. त्यातून आधी रोज घ्यायचे लिराग्लुटाइड आणि मग आठवड्यातून एकदा घ्यायचे सेमाग्लुटाइड आले. खरा निरोप दोन मिनिटांत विरतो, हा आठवडाभर दार वाजवत राहतो. त्यानंतरचे टिर्झेपाटाइड एकाच वेळी दोन हार्मोनची नक्कल करते.

सरड्याचे नाव वाचून काही घरांत लगेच प्रश्न उठेल, म्हणून सांगून टाकतो. या औषधांसाठी सरडा लागत नाही. एक्झेनाटाइड आणि टिर्झेपाटाइड प्रयोगशाळेत रासायनिक पद्धतीने बनतात, सेमाग्लुटाइडचा मुख्य भाग खमिरापासून, म्हणजे यीस्टमध्ये तयार करतात. पूर्वी इन्सुलिन डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून काढत असत, तेव्हाचा संकोच आम्ही समजू शकतो. इथे ती गोष्ट नाही. मसल्याविषयी ज्यांना खात्री हवी त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे, पण विचारताना औषध कशापासून बनते ही माहिती त्यांच्यासमोर ठेवावी.

आता एक गंमत. यवतमाळ, पुसद, उमरखेडच्या कितीतरी घरांत या हार्मोनवर चालणारे औषध आधीच येऊन बसले आहे, फक्त घरच्यांना ते माहीत नाही. दादीच्या गोळ्यांचा डबा उघडून पाहा. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, अशी ‘ग्लिप्टिन’ने संपणारी एखादी गोळी दिसेल. ती बाहेरून हार्मोन देत नाही. हार्मोनला तोडणारे ते एन्झाइम ती अडवते, म्हणजे घरचाच निरोप थोडा जास्त वेळ टिकतो. साखर आटोक्यात येते, पण वजन फारसे उतरत नाही, कारण घरचा निरोप किती वाढणार. इंजेक्शनातली मात्रा त्याच्या कितीतरी पट असते. या गोळ्यांचा इतिहास आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. पेटंट होते तोवर त्या महाग होत्या. पेटंट संपले आणि भाव झपाट्याने उतरले. सिटाग्लिप्टिनचे पेटंट 2022 मध्ये संपल्यावर जनऔषधी केंद्रात 50 मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या 60 रुपयांना मिळू लागल्या.

टिर्झेपाटाइड मार्च 2025 मध्ये भारतात आले तेव्हा सर्वांत लहान मात्रेच्या एका कुपीची किंमत 3,500 रुपये होती आणि त्यापुढच्या मात्रेची 4,375. कुपी आठवड्याला एक. महिन्याचा हिशेब तुम्हीच करा. कापूस, सोयाबीन आणि तुरीवर चालणाऱ्या जिल्ह्यात हा खर्च किती घरांना झेपेल हे सांगायला नको. सेमाग्लुटाइडचे भारतातील पेटंट मात्र मार्च 2026 पर्यंतचेच होते. देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली की ग्लिप्टिनसारखेच याचेही भाव उतरतात. म्हणूनच आम्हाला हा विषय आत्ता महत्त्वाचा वाटतो. महाग होते तोवर इंजेक्शन मोठ्या शहरांपुरते होते. स्वस्त झाले की ते तालुक्याच्या मेडिकलवर येते, आणि मेडिकलवर आले की ‘बघू तरी घेऊन’ सुरू होते.

मग ते नेमके कोणाच्या कामाचे? मूळ उपयोग टाइप-2 मधुमेहाचा. त्यात साखर तर उतरतेच, पण त्याहून मोठी गोष्ट पुढे कळली. 17,604 लोकांवर झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मधुमेह नसलेले, पण वजन जास्त असलेले आणि आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात असे काही होऊन गेलेले लोक घेतले होते. साधे औषधोपचार सगळ्यांचेच चालू होते. सुमारे तीन-सव्वातीन वर्षांत नकली इंजेक्शन घेणाऱ्या शंभरातील 8 जणांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यापैकी काही ना काही झाले. सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत हा आकडा साडेसहा होता. जाहिरातीत याला ‘20 टक्के घट’ म्हणतात. दोन्ही खरे आहे. शंभरातील दीड माणूस वाचणे कमी नाही, पण ते किती आहे हे माहीत असावे. 2024 मध्ये मधुमेहासोबत मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांत मूत्रपिंड निकामी होण्यासारख्या गंभीर गोष्टी 24 टक्क्यांनी कमी झाल्या. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा बस धरून जाणारे कुटुंब ज्यांनी पाहिले आहे त्यांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. झोपेत श्वास अडकण्याच्या आजारात आणि यकृतात चरबी साठून सूज येण्याच्या आजारातही या औषधांना अमेरिकेत मंजुरी मिळाली आहे. दारूची ओढ कमी होते का, याच्या लहान चाचण्या झाल्या, पण ते अजून कच्चे आहे. विसरण्याच्या आजारात, अल्झायमरमध्ये, मोठी आशा होती. नोव्हेंबर 2025 मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले आणि आजार पुढे सरकणे थांबले नाही. तेव्हा ‘हे इंजेक्शन सगळ्यावर चालते’ असे कोणी म्हणाले तर त्याला हा निकाल सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर 2025 मध्ये या गटातील औषधे आवश्यक औषधांच्या यादीत घेतली, तीही टाइप-2 मधुमेहासोबत लठ्ठपणा आणि हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांसाठी. सुरुवातीला ज्या चाचांचा उल्लेख केला ते या ओळीत बसतात. त्यांना आमचे म्हणणे, लाज न बाळगता डॉक्टरांशी बोला. श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेडिसिन विभागात दाखवायला मोठी फी लागत नाही. जाताना जुने सगळे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्या.

वजनाचे काय? सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के वजन उतरले. नव्वद किलोच्या माणसाचे तेरा-साडेतेरा किलो. टिर्झेपाटाइडच्या मोठ्या मात्रेने 72 आठवड्यांत सुमारे 21 टक्के. पण त्याच सेमाग्लुटाइडच्या चाचणीतील काही लोकांचे इंजेक्शन थांबवून वर्षभराने पाहिले तेव्हा उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वजन परत आले होते. यात त्या लोकांचा काही दोष नाही. बाहेरून येणारा निरोप थांबला, आणि शरीर हरवलेली चरबी परत मागू लागले. ज्याला लठ्ठपणाचा आजार आहे त्याला हे औषध बीपीच्या गोळीसारखे दीर्घकाळ लागू शकते. निकाहच्या चार महिने आधी घेऊन वलीम्यानंतर सोडण्याची ही वस्तू नाही. त्या मुलीच्या अम्मींना आम्ही एवढेच विचारले, की मुलीचे वजन आणि उंची किती? सांगितलेल्या आकड्यांवरून मुलीला काहीही झालेले नव्हते. निरोगी मुलीला उपाशी ठेवणारे औषध शोधण्यापेक्षा मुलगी बघायला आलेल्यांचे तोंड आवरणे सोपे नसेल, पण योग्य तेच आहे.

इथे आपल्या मातीतील एक संशोधन सांगितलेच पाहिजे, कारण त्यावाचून हा विषय अर्धा राहील. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो छापले. शेजारी शेजारी उभे दोन सडपातळ डॉक्टर. उंचीच्या प्रमाणात वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. बाहेरून बारीक, आतून चरबीदार. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून केलेल्या अभ्यासात याज्ञिक यांच्या गटाला दिसले की हे जन्मापासूनच असते. आपली बाळे इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, हातापायांत मांस कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली. चरबीतून निघणारे लेप्टिन हे हार्मोन नाळेच्या रक्तात मोजले तर ते, एवढे वजन कमी असूनही, इंग्लंडच्या बाळांच्या बरोबरीने होते. आईच्या पोटात असताना पोषण अपुरे पडले तर शरीर मांस सोडते आणि चरबी धरून ठेवते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

आता हे यवतमाळला लावून पाहा. कापूस वेचून वाळलेली, चाळीस किलोची बाई. तिच्याकडे बघून कोणी शुगर तपासणार नाही. दुसरीकडे गल्ल्यावर बसणारा, पोट थोडे सुटलेला पण ‘काही जास्त नाही’ असा दुकानदार. दोघांनाही मधुमेह असू शकतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटी लोक उंबरठ्यावर आहेत. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरे बोलते. बेंबीच्या पातळीवर पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरपेक्षा आणि बाईची 80 पेक्षा जास्त असेल तर साखर तपासावी. तीस वर्षांवरील सर्वांसाठी ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, त्याला वजन जास्त असण्याची अट नाही.

या बारीक-चरबीदार शरीराचा इंजेक्शनाशीही संबंध आहे, आणि तो कोणी सांगत नाही. ही औषधे चरबी उतरवतात तसे मांसही उतरवतात. वेगवेगळ्या अभ्यासांत उतरलेल्या वजनाचा एक चतुर्थांश ते 40 टक्के भाग चरबीचा नव्हता, तो मुख्यतः मांसाचा. ज्याच्याकडे आधीच मांस कमी, त्याचे तेही गेले तर पुढे साठीत जिना चढणे अवघड. डॉक्टरांनी औषध दिलेच तर जेवण कमी झाले तरी प्रथिने कमी होऊ देऊ नका. भूक मेल्यामुळे नुसता चहा-बिस्किटावर दिवस काढणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. अंडे, मासळी, चिकन, तुरीची किंवा मुगाची डाळ, दही, शेंगदाणे, यातले काहीतरी प्रत्येक जेवणात हवे. आणि थोडे वजन उचलण्याचे काम, मग ते व्यायामशाळेत असो की घरी पाण्याच्या बादल्यांनी.

धोके थोडक्यात. मळमळ, उलटी, जुलाब किंवा शौचास कडक होणे हे बहुतेकांना सुरुवातीला होते. म्हणून मात्रा महिन्या-महिन्याने वाढवतात. घाई केली तर सलाईन लावायची वेळ येते. पित्ताशयात खडे होऊ शकतात. पोटात वरच्या बाजूला सुरू होऊन पाठीत जाणारी असह्य कळ आली तर स्वादुपिंडाची सूज असू शकते, त्याच रात्री दवाखाना गाठावा. घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल तर हे औषध घेऊ नये. ज्यांना ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांची साखर या जोडीने एकदम खाली जाऊ शकते. आधी सांगितलेले ‘एकटे’ हे होते ते. डोळ्यांच्या पडद्याला मधुमेहाचा त्रास असेल तर आधी डोळे तपासून घ्यावेत. कसलेही ऑपरेशन ठरले तर भुलीच्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू असल्याचे आठवणीने सांगावे, कारण आठ तास उपाशी असूनही पोटात अन्न शिल्लक असू शकते.

आमच्या त्या सुनेसाठी वेगळे. बाळ दूध पीत असेल तर हे औषध नको. पुन्हा दिवस राहण्याचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे लागते. टिर्झेपाटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. आणि घरच्या लोकांसाठी एक वाक्य: बाळंतपणानंतर थकवा आणि वजन वाढले तर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखर तपासायची असते, टोमणे मारायचे नसतात.

लेप्टिनचे नाव मघाशी आले, त्याबद्दल एक गोष्ट आपल्या समाजाने माहीत करून घेण्यासारखी आहे. 1994 मध्ये ते सापडले तेव्हा सगळ्यांना वाटले की लठ्ठपणावर इलाज मिळाला. लेप्टिन म्हणजे ‘साठा पुरेसा आहे’ हा चरबीचा निरोप. पण बहुतेक लठ्ठ लोकांच्या रक्तात ते आधीच भरपूर असते, मेंदू ते ऐकेनासा झालेला असतो. त्यामुळे बाहेरून देऊन विशेष फायदा झाला नाही. मात्र 1997 मध्ये इंग्लंडमध्ये पाकिस्तानी मूळ असलेल्या एका कुटुंबातील दोन मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ वर्षांची मुलगी 86 किलो, तिचा दोन वर्षांचा चुलतभाऊ 29 किलो. दोघांना जन्मापासून न भागणारी भूक. त्यांच्या शरीरात लेप्टिन बनतच नव्हते. कुटुंबात नात्यातली लग्ने होती, त्यामुळे आई आणि वडील दोघांकडूनही तोच दोष आला होता. मुलीला लेप्टिनची इंजेक्शने सुरू झाली आणि तिची भूक शांत झाली, वजन उतरू लागले. हा आजार अत्यंत दुर्मीळ आहे. पण लाहोरच्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवले की नात्यात लग्ने होणाऱ्या समाजातील अति-लठ्ठ मुलांमध्ये भुकेशी संबंधित तीन जनुकांपैकी एखाद्यात दोष असण्याचे प्रमाण 30 टक्के होते. मामेबहीण-आतेभावाचे लग्न आपल्या घरांत होते, त्याची चर्चा आज करत नाही. इतकेच सांगतो, पहिल्या वर्षापासून मूल सतत भुकेने रडत असेल, ताटे हिसकावून खात असेल आणि वजन वेगाने वाढत असेल, तर त्याला ‘खादाड’ म्हणून मारू नका. मोठ्या रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्या मुलाला निरोप मिळतच नसेल.

आणि ज्यांना काहीच आजार नाही त्यांनी आपल्याच आतड्यातला निरोप वापरावा, तो फुकट आहे. आतड्याची खबर मेंदूला उमजायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. भराभर जेवणारा खबर पोचायच्या आत दोन पोळ्या जास्त खातो. इफ्तारला खजूर आणि पाण्याने रोजा सोडून मगरीबची नमाज पढायची आणि मग दस्तरखानावर बसायचे, या आपल्या जुन्या रिवाजात ती वीस मिनिटे आपोआप मिळतात. भजी, समोसे आणि सरबताचे ग्लास नमाजेआधीच संपवले तर मिळत नाहीत. दावतीतही आधी सालन, कबाब, डाळ, कोशिंबीर आणि शेवटी भात किंवा नान, असे केले तर जेवणानंतरची साखर कमी चढते. ज्वारीची भाकरी आपल्याकडे आहेच.

रमजानमध्ये हे औषध घेणाऱ्यांनी एक करावे. नवे औषध किंवा वाढीव मात्रा रमजानच्या तोंडावर सुरू करू नये. मळमळ आणि पाण्याची कमतरता यांत रोजे कठीण जातात. काही आठवडे आधी मात्रा स्थिर झालेली असावी. सेमाग्लुटाइडची गोळीही मिळते, पण ती रिकाम्या पोटी, अर्ध्या कपापेक्षा जास्त पाणी न पिता घ्यायची आणि पुढे अर्धा तास काही खायचे नाही. सेहरीच्या गडबडीत हे जमते का, याचा विचार आधीच डॉक्टरांसोबत करून ठेवावा.

राहता राहिला उन्हाळा, जो आपल्या जिल्ह्यात लहान विषय नाही. न उघडलेले पेन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायचे असते, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठलेले पेन फेकून द्यावे. वापरात असलेले पेन 30 अंशांखाली काही आठवडे टिकते. पण मे महिन्यात पारा 44 वर असताना, दुपारी लाइट गेल्यावर, पत्र्याच्या घरात 30 अंश कुठून आणायचे? इन्सुलिनसाठी वापरतात तोच उपाय इथे उपयोगी पडतो. एक मोठे माठ, त्यात थोडी ओली वाळू, त्यावर छोटे मडके, त्यात प्लास्टिकच्या डबीत पेन आणि वरून ओले फडके. आपल्याकडची हवा कोरडी असल्याने हे चांगले थंड होते. तरी मेडिकलमधून साधा थर्मामीटर आणून आत ठेवा आणि भर दुपारी एकदा पाहा. पारा 30 च्या वर दिसला तर पेन शेजारच्या फ्रिजवाल्या घरी ठेवावे, डबीवर नाव लिहून. मेडिकलमधून आणतानाही दुकानदाराकडून बर्फाची पिशवी मागून घ्या, आणि पेन बर्फाला थेट टेकू देऊ नका, मध्ये रुमाल घाला.